काळे, कांबळे आणि क्षीरसागर जागेवर का राहत नाहीत: सोसायटीच्या यादीतला अकारविल्हे घोळ

सप्टेंबर लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभांची धांदल उडते. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून शेवटच्या दोन रविवारी घोडबंदर रोडवरचा जवळपास प्रत्येक क्लबहाउस भरलेला. दारातल्या टेबलावर हजेरीपत्रक, त्यावर सभासदांची नावं अकारविल्हे, आणि पुढे सह्यांसाठी खोळंबलेली रांग. काळे आपलं नाव 'ल'नंतर शोधतात, ते सापडतं पार 'का'च्या शेवटी. कांबळे पहिल्या पानावर असायला हवेत, ते दुसऱ्यावर निघतात. क्षीरसागरकाकू शेवटचं पान उलटून बघतात आणि म्हणतात, "आमचं नावच उडवलंत की हो!"

मी ठाण्यातल्या काही सोसायट्यांची यादीकामं बघतो. त्यात दरवर्षी न चुकता येणारा प्रश्न हाच: फाइल तीच, नावं तीच, पण सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर सॉर्ट केली की एक क्रम येतो आणि सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुसरा. मग 'फाइल करप्ट झालीय', 'व्हायरस आहे', 'मराठीत सॉर्ट होतच नाही' असे निष्कर्ष निघतात आणि शेवटी कोणीतरी कट-पेस्ट करून हाताने नावं लावत बसतं. यातला एकही निष्कर्ष बरोबर नाही. मराठीत सॉर्ट होतं आणि व्यवस्थित होतं. पण क्रम हा नावांसोबत फाइलमध्ये साठवलेला नसतो. सॉर्टचं बटण दाबलं त्या क्षणी तो प्रोग्राम, ते मशीन आणि त्यावरची भाषेची सेटिंग मिळून तो ठरवतात. म्हणून आधी आपलं मशीन नक्की कोणता क्रम लावतंय ते ओळखायचं.

नऊ नावांची चाचणी

कोऱ्या शीटमध्ये ही नावं अशीच, उलटसुलट टाका: कासार, खरे, काळे, कांबळे, क्षीरसागर, कालेकर, काकडे, कावळे, कानिटकर. यादीतून कॉपी करू नका, नव्याने टाइप करा. का, ते पुढे येईलच. आता चढत्या क्रमाने सॉर्ट करा. बहुतेक वेळा या तीनपैकी एक क्रम दिसेल.

पहिला: कांबळे, काकडे, कानिटकर, कालेकर, काळे, कावळे, कासार, क्षीरसागर, खरे.

दुसरा: काकडे, कानिटकर, कांबळे, कालेकर, काळे, कावळे, कासार, क्षीरसागर, खरे.

तिसरा: कांबळे, काकडे, कानिटकर, कालेकर, कावळे, कासार, काळे, खरे, क्षीरसागर.

फक्त तीन आडनावांवर नजर ठेवा: कांबळे, काळे आणि क्षीरसागर. बाकीची सहा एकमेकांच्या मागेपुढे तशीच राहतात.

पहिला क्रम म्हणजे निव्वळ आकड्यांचा. कॉम्प्युटरला 'ळ' हे अक्षर ठाऊक नसतं, त्याला युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यातला, त्याचा क्रमांक ठाऊक असतो. 'ल'चा क्रमांक २३५४, 'ळ'चा २३५५, 'व'चा २३५७, 'ह'चा २३६१. त्यामुळे आकड्यांवर चालणारा प्रोग्राम काळे यांना कालेकरांनंतर आणि कावळ्यांच्या आधी बसवतो. अनुस्वाराचा क्रमांक २३०६, म्हणजे सगळ्या स्वर-व्यंजनांच्या आधी, म्हणून कांबळे पहिले. 'क्ष' या अक्षराला तर स्वतःचा क्रमांकच नाही. तो क, हलन्ताचं चिन्ह आणि ष असा तीन तुकड्यांत साठवला जातो, म्हणून क्षीरसागर 'क'मध्येच, सगळ्या बाराखडीनंतर जोडाक्षरांत जाऊन बसतात.

'ळ' शाळेत 'ह'नंतर शिकवतात, मग युनिकोडने तो 'ल'शेजारी का ठेवला? युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता भारतीय मानकावरून, इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला आहे. तो आराखडा एकट्या मराठीसाठी नव्हता. देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड अशा सगळ्या लिप्यांची अक्षरं एकाच साच्यात, समोरासमोर बसवायची होती, आणि त्या साच्यात 'ळ'ची जागा 'ल'नंतरची ठरली. तो तक्ता अक्षरं साठवण्यासाठी आहे, अकारविल्हे लावण्यासाठी नाही. युनिकोडवाले स्वतःही हेच सांगतात आणि क्रम लावण्यासाठी वेगळे नियम देतात.

त्या वेगळ्या नियमांचा सर्वसाधारण तक्ता, म्हणजे कुठल्याही एका भाषेसाठी न वळवलेला, दुसरा क्रम देतो. त्यात अनुस्वार हे पूर्ण अक्षर मानलं जात नाही, वर लावलेली खूण मानली जाते. पहिल्या फेरीत ती खूण बाजूला ठेवून कांबळे हे नाव 'काबळे' असल्यासारखं तपासलं जातं, म्हणून ते कानिटकरांनंतर येतं. दुसरं एक नाव हुबेहूब तसंच असेल तरच अनुस्वार बघितला जातो. इंग्रजी सेटिंगवर चालणाऱ्या अनेक प्रोग्राममध्ये दिसतो तो हाच क्रम. शिंदे शितोळ्यांच्या आधी न येता नंतर येतात, पंडित पटवर्धनांच्या नंतर जातात, त्याचंही कारण हेच.

तिसरा क्रम मराठीचा. युनिकोडच्या भाषावार माहितीसाठ्यात मराठीसाठी स्वतंत्र नियम आहेत: अनुस्वार सगळ्या अक्षरांच्या आधी, आणि 'ह'नंतर ळ, क्ष, ज्ञ. म्हणजे तुमच्या-माझ्या पाटीवरचाच क्रम. हे नियम लागण्यासाठी 'मराठी'च निवडलेली असावी लागते. लिपी एकच म्हणून 'हिंदी' निवडली तर 'ळ' काही 'ह'नंतर जाणार नाही.

यातला बरोबर क्रम कोणता? मी तिसरा वापरतो. पण त्यावरही लोक भांडतात. बाराखडी डोक्यात पक्की बसलेली ज्येष्ठ मंडळी 'कं' हा 'कौ'नंतर शोधतात, आणि इंग्रजी शाळेत गेलेली मुलं क्षीरसागर 'क'मध्ये शोधतात. सगळ्यांचं समाधान करणारा क्रम अस्तित्वात नाही. यादीच्या डोक्यावर 'ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरं ह नंतर' अशी एक ओळ छापा, निम्मी रांग तिथेच मोकळी होते.

सेटिंग नेमकी कुठली बदलायची

इथे बहुतेकांची गल्लत होते. कॉम्प्युटरमध्ये 'भाषा' नावाच्या निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, कीबोर्डची भाषा: तिच्यामुळे मराठी टाइप होतं, बस्स. दोन, दिसण्याची भाषा: मेन्यू आणि बटणं मराठीत दिसतात. तीन, प्रदेशाची सेटिंग, म्हणजे रीजन: तारीख कशी लिहायची, रुपयाचं चिन्ह कुठलं, आणि अकारविल्हे कसं लावायचं हे तिथे ठरतं. आपल्याला हवी ती तिसरी. कीबोर्ड मराठी करून सॉर्ट सुधारत नाही, आणि सगळे मेन्यू मराठी केले तरी सुधारेलच असं नाही.

विंडोजवरचं एक्सेल या बाबतीत जरा अवघड आहे. त्याच्या सॉर्टच्या खिडकीत 'ऑप्शन्स' आहेत, पण तिथे फक्त दोनच गोष्टी मिळतात: इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करायचा का, आणि वरून खाली लावायचं की डावीकडून उजवीकडे. भाषा निवडायची सोयच नाही. ती विंडोजकडून घेतली जाते. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन उघडा, फॉरमॅट्सच्या यादीत मराठी (भारत) निवडा, एक्सेल बंद करून पुन्हा उघडा आणि नऊ नावांची चाचणी परत करा. विंडोज आणि ऑफिस कुठलं आहे त्यावर निकाल अवलंबून असतो, म्हणून मी इथे 'नक्की तिसराच क्रम येईल' असं लिहीत नाही. चाचणी खोटं बोलत नाही, तिच्यावर विश्वास ठेवा. आणि एक लक्षात असू द्या: ही सेटिंग सगळ्या प्रोग्रामना लागते. मेंटेनन्सच्या बिलांवरच्या तारखा आणि आकडे वेगळे दिसायला लागले तर दचकू नका. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर अकाउंट्स बघणाऱ्या माणसाला आधी सांगा, नाहीतर तो तुम्हाला शोधत येईल.

गंमत म्हणजे त्याच घरातल्या वर्डमध्ये ही सोय आहे. वर्डमध्ये नावांचा तक्ता निवडून सॉर्ट उघडलं की ऑप्शन्समध्ये 'सॉर्टिंग लँग्वेज' अशी चौकट मिळते. एक्सेलला ही चौकट का दिली नाही, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

मी स्वतः याद्यांसाठी लिबर ऑफिसचं कॅल्क वापरतो. ते फुकट आहे, एक्सेलच्या फाइली उघडतं, आणि त्यात डेटा मेन्यूतल्या सॉर्टमध्ये 'ऑप्शन्स' नावाच्या टॅबवर भाषा निवडता येते. मराठी निवडा, ओके करा, तिसरा क्रम हजर. मशीनच्या बाकी सेटिंगला हात लावायची गरज पडत नाही. सोसायटीच्या एकाच कामासाठी सगळ्या कॉम्प्युटरचा प्रदेश बदलण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

गूगल शीट्समध्ये फाइल मेन्यूतल्या सेटिंग्जमध्ये 'लोकेल' आहे. तारखा, चलन, फंक्शन यांच्यासाठी ते आहे असं तिथे लिहिलेलं असतं. सॉर्टसाठी त्यावर विसंबू नका, पुढे दिलेला किल्लीचा उपाय करा.

इंग्रजी नावं कधी वर, कधी खाली

ठाण्यातली कुठलीही मोठी सोसायटी घ्या, यादीत पाटील, शाह, अय्यर, डिसोझा, सिंग सगळे असतात. टाइप करणाऱ्याने मराठी नावं देवनागरीत घातलेली असतात आणि बाकीची इंग्रजीत, कारण त्यांची स्पेलिंग शेअर सर्टिफिकेटवरून जशीच्या तशी उतरवलेली. अशी दोन लिप्यांची यादी सॉर्ट केली की कोणती लिपी आधी, हाही निर्णय सेटिंगच करते. इंग्रजी सेटिंगवर आणि निव्वळ आकड्यांच्या क्रमात रोमन लिपीतली नावं वर येतात. मराठीच्या नियमांत देवनागरी आधी, रोमन नंतर. म्हणजे एका मशीनवर अय्यर पहिल्या पानावर, दुसऱ्यावर शेवटच्या. आकडे मात्र दोन्हीकडे अक्षरांच्या आधीच. अपवाद देवनागरी आकड्यांचा: सर्वसाधारण आणि मराठी नियमांत ते इंग्रजी आकड्यांच्या जोडीला बसतात, पण निव्वळ क्रमांकांवर लावलं तर 'ह'च्याही खाली जातात. त्यामुळे फ्लॅट नंबरचा रकाना सगळा एकाच पद्धतीच्या आकड्यांत ठेवा.

सेटिंग कितीही घासली तरी दोन लिप्यांची नावं एकमेकांत मिसळणार नाहीत. 'अय्यर' इंग्रजीत लिहिलं असेल तर ते 'अभ्यंकर' आणि 'आपटे' यांच्यामध्ये कधीच येणार नाही, कारण उच्चार काय आहे हे सॉर्टला कळत नाही. उपाय एकच: दोन रकाने ठेवा. एक कागदपत्रांनुसार नाव, ज्या लिपीत असेल त्या लिपीत. दुसरा सगळ्यांची नावं देवनागरीत, आणि सॉर्ट या दुसऱ्यावर. देवनागरीत लिहिताना 'अय्यर' की 'ऐयर', 'डिसोझा' की 'डिसूझा', हे त्या सभासदालाच विचारा. फोन केला तर दोन मिनिटांचं काम असतं, आणि लोकांना ते आवडतं.

उलट सगळी यादी इंग्रजीत करा, प्रश्नच मिटला, असं सुचवणारे प्रत्येक कमिटीत असतात. मिटत नाही. वाघ कोणी 'डब्ल्यू'ने लिहितं, कोणी 'व्ही'ने. ज्ञानेश्वर 'डी'मध्ये जातो, चितळे 'सी'त आणि चव्हाणही 'सी'त, पण छाया कुठे, यावर वाद. मराठीत नाव लिहिण्याची रीत एक असते, रोमनमध्ये घरटी वेगळी.

तीनपैकी एकही क्रम आला नाही तर

नव्याने टाइप केलेली नऊ नावं नीट लागली, पण खरी यादी लागत नाही, असं असेल तर दोष सेटिंगचा नाही, मालाचा आहे.

पहिला संशयित जुना फॉण्ट. नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या याद्या वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉण्टमध्ये टाइप झालेल्या आहेत. त्या दिसतात मराठी, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात, फॉण्ट त्यांच्यावर मराठी चित्रं चढवतो. कृतिदेवमध्ये 'ब' म्हणजे 'सी', 'क' म्हणजे 'डी', 'म' म्हणजे 'ई', ऱ्हस्व वेलांटी म्हणजे 'एफ', 'ह' म्हणजे 'जी'. सॉर्ट केलं की 'ब'ची नावं 'क'च्या आधी येतात, आणि मग 'म'ची. आणि खरी ओळखखूण पुढे: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे शिंदे, निकम, चितळे, गिते, विचारे हे सगळे एका ठिकाणी गोळा होतात. असा वेलांटीवाल्यांचा कंपू दिसला की बाकी काही तपासू नका. खात्रीसाठी एका नावाचा फॉण्ट बदलून एरियल करा. गचाळ इंग्रजी अक्षरं दिसली की निदान पक्कं. उपाय म्हणजे कन्व्हर्टरने युनिकोड करून घेणं आणि नंतर प्रत्येक नाव डोळ्यांनी तपासणं. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात हमखास घोटाळा करतात, आणि नावातली चूक माणसं शुद्धलेखनातल्या चुकीसारखी पोटात घालत नाहीत.

दुसरा संशयित त्या कन्व्हर्टरांचंच अपत्य: दिसायला सारखी, आतून वेगळी अक्षरं. 'आपटे' हे नाव घ्या. यात आ, प, ट आणि मात्रा असे चार तुकडे. पण जुन्या मजकुरातून आलेल्या नावात 'आ'ऐवजी 'अ' आणि पुढे सुटा काना असतो. बऱ्याच फॉण्टमध्ये डोळ्याला फरक दिसत नाही. कॉम्प्युटरला मात्र ते 'अ'ने सुरू होणारं नाव वाटतं, आणि एक आपटे आठवल्यांजवळ, दुसरे 'अ'च्या अगदी शेवटी, अशी ताटातूट होते. नावातले तुकडे मोजणारं एक्सेलचं 'लेन' फंक्शन लावा: चांगल्या आपट्यांना ४ येतील, बिघडलेल्यांना ५. कुठल्या तुकड्याने घोळ घातलाय हे बघायचं असेल तर 'युनिकोड' हे फंक्शन पहिल्या अक्षराचा क्रमांक सांगतं. 'आ' असेल तर २३१०, 'अ' असेल तर २३०९. मग फाइंड-रिप्लेसने 'अ + काना' शोधून त्याजागी 'आ' घाला. तीच गत 'ओ' आणि 'औ' यांची.

'ॲ'ची कथा याच जातीची, पण अधिक चिवट. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं, आणि पुढच्याच वर्षी शासनाच्या वर्णमालेत ॲ आणि ऑ अधिकृतपणे आले. तोवर लोक 'अ'वर चंद्र देऊन काम भागवत होते, काही जण तर 'ए'वर चंद्र देत. आज यादीत या तिन्ही तऱ्हा सापडतात. उशिरा आलेल्याला मागची जागा मिळते तसं 'ॲ'ला २४१८ हा क्रमांक मिळाला, 'ह'च्या आणि देवनागरी आकड्यांच्याही पलीकडचा. आकड्यांवर सॉर्ट केलं की 'ॲन्थनी' यादीच्या तळाशी. तिन्ही रूपांपैकी एक ठरवा आणि बाकी दोन रिप्लेस करा. छापायला 'ॲ' ठेवा, फक्त सॉर्टच्या रकान्यात 'अ + चंद्र' ठेवा, म्हणजे ते 'अ'च्या शेवटी आणि 'आ'च्या आधी नीट बसतं.

गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर यांच्या नावातला 'ऱ्' दोन प्रकारे टाइप होतो: एक ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडणारा तुकडा. त्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, क्रमांक ८२०५. सॉर्टमध्ये यामुळे फारसं बिघडत नाही, पण 'शोधा' म्हटलं की एक गोऱ्हे सापडतात आणि दुसरे नाहीत, नावावरून दुसऱ्या तक्त्यातली माहिती आणणारा व्हीलुकअप लावला तर त्यांची थकबाकीच येत नाही. इथेही 'लेन' कामाला येतं, एकाला ६, दुसऱ्याला ७.

राहिली मोकळी जागा. व्हॉट्सॲप किंवा वेबपेजवरून उचललेल्या नावाआधी कधी कधी न तुटणारी स्पेस येते, क्रमांक १६०. 'ट्रिम' फंक्शन साधी स्पेस काढतं, ही काढत नाही. यादीच्या अगदी वर किंवा अगदी खाली एकटंच नाव पडलं असेल तर आधी हे बघा.

आणि श्री., सौ., डॉ., ॲड. हे नावाच्या आधी, त्याच रकान्यात असतील तर निम्मी सोसायटी 'श'मध्ये जाते. उपाध्यांचा रकाना वेगळा काढा. 'कै.'सुद्धा. जुन्या इमारतींत वारसांच्या नावे शेअर सर्टिफिकेट झालेलं नसतं, आणि यादी लावताना ते कै. एकत्र दिसले की कमिटीला बाकी राहिलेल्या ट्रान्सफरची आठवण होते. तेवढा एकच फायदा.

कुठल्याही मशीनवर टिकणारा उपाय

सेटिंग बदलायची परवानगी नसेल, किंवा फाइल पाच जणांच्या हातून फिरणार असेल, तर क्रम लावणारी किल्लीच यादीत घाला. नावाशेजारी एक रकाना घ्या. त्यात 'सबस्टिट्यूट' हे फंक्शन एकात एक चार वेळा गुंफून नावाची बदललेली प्रत तयार करा. बदल असे: 'ळ'च्या जागी 'ऽक', 'क्ष'च्या जागी 'ऽख', 'ज्ञ'च्या जागी 'ऽग', आणि अनुस्वाराच्या जागी इंग्रजी शून्य.

अवग्रहच का? 'ऽ'चा क्रमांक २३६५. 'ह' २३६१ वर आणि काना २३६६ वर. म्हणजे सगळ्या व्यंजनांनंतर, पण सगळ्या मात्रांच्या आधी, नेमकी तीच फट जिथे 'ळ' बसायला हवा. मात्रांच्या पलीकडचं एखादं चिन्ह वापरलं असतं तर 'कळंबे' हे 'कौ' आणि जोडाक्षरांच्याही खाली घसरले असते. सर्वसाधारण युनिकोड नियमांतही अवग्रह 'ह' आणि काना यांच्यामध्येच येतो. शिवाय सभासदांच्या नावात अवग्रह कधी येत नाही. त्याच्यापुढचे क, ख, ग हे फक्त ळ, क्ष, ज्ञ यांचा आपसातला क्रम ठेवण्यासाठी. शून्य सगळ्या अक्षरांच्या आधी येतं, म्हणून कांबळे काकड्यांच्या वर जातात.

'काळे' या नावाची किल्ली होते 'काऽके', 'क्षीरसागर'ची 'ऽखीरसागर'. वाचायला विचित्र, पण हा रकाना लपवायचाच आहे. नऊ नावांवर चालवून बघा, तिसरा क्रम आला पाहिजे. तुमच्या एक्सेलने अवग्रहाकडे दुर्लक्ष केलं तर क्रम चुकेल आणि लगेच कळेल. तसं झालं तर सॉर्ट कॅल्कमध्ये करून घ्या. नावाच्या मधला 'क्ष'ही यात बदलतो, त्यामुळे दीक्षित 'दी'च्या शेवटी जातात. मराठीच्या नियमांतही तसंच होतं, म्हणून मी ते तसंच ठेवतो.

एकदा क्रम मनासारखा लागला की पुढचं पाऊल विसरू नका: आणखी एका रकान्यात १०, २०, ३० असे आकडे भरून टाका. किल्लीच्या सूत्रातून नव्हे, साधे टाइप केलेले आकडे. आता कोणी फ्लॅटप्रमाणे सॉर्ट केलं, थकबाकीप्रमाणे केलं, कुठल्याही देशाच्या सेटिंगवर केलं, तरी या रकान्यावर सॉर्ट करून मूळ क्रम परत येतो. दहाच्या अंतराचं कारण म्हणजे मध्ये फ्लॅट विकला गेला आणि नवे सभासद आले की त्यांना १५ देता येतात, सगळे आकडे बदलावे लागत नाहीत. 'जे' नमुन्यातली, म्हणजे सहकार नियमांत ठरवून दिलेल्या नमुन्यातली, सभासद यादी छापतानाही हाच रकाना धरा, म्हणजे हजेरीपत्रक आणि ती यादी यांचा क्रम एक राहतो.

सॉर्ट करताना एक्सेल 'एक्सपांड द सिलेक्शन' असं विचारतं तेव्हा 'हो' म्हणा. फक्त नावांचा रकाना सॉर्ट झाला तर नावं हलतात, फ्लॅट नंबर जागेवर राहतात आणि अय्यर यांची थकबाकी पाटलांच्या नावावर चढते.

सोसायटीची वेबसाइट किंवा ॲप असेल तर

ते बनवणाऱ्याला एवढंच सांगा. जावास्क्रिप्टचं साधं सॉर्ट निव्वळ क्रमांकांवर चालतं, म्हणजे पहिला क्रम. त्यात भाषेप्रमाणे तुलना करणारं कोलेटर आहे, त्याला मराठीचा कोड द्यायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयसीयूचं मराठी कोलेशन, म्हणजे मराठीच्या क्रमाचे नियम, मिळतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या आठव्या आवृत्तीत बऱ्याच युरोपीय भाषांसाठी वेगळी कोलेशन आहेत, मराठीसाठी नाही, तिथे वरचीच किल्ली एका कॉलमात साठवा. 'आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी सपोर्ट आहे' असं उत्तर आलं तर त्यांना नऊ नावं पाठवा आणि सॉर्ट केलेला स्क्रीनशॉट मागा.

सभेच्या आदल्या दिवशी ग्रुपवर यादी टाकताना एक्सेलची फाइल टाकू नका, पीडीएफ टाका. एक्सेल टाकलीत तर कोणीतरी ती फोनवर उघडतो, 'जरा नीट लावून देतो' म्हणतो, आणि सकाळी टेबलावर दोन वेगळ्या क्रमांच्या प्रिंट येतात.